नऊ नंबरचा शब्द

तुरुंगातल्या त्या शिपायाला सगळे थोरले म्हणत. वयाने ते खरोखरच थोरले होते; हुद्द्याने मात्र अठ्ठावीस वर्षांत तसूभर हलले नव्हते. त्यांच्यामागून भरती झालेली पोरं हवालदार झाली, आणि त्यातला एक तर त्यांचा जावईच. घरी जावईबापू आले की थोरले आपली खुर्ची रिकामी करून देत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात त्यांनाच टाच आपटून सलाम ठोकत. त्यांची बायको म्हणायची, "जावयाला घरीदारी मुजरा करणारा सासरा जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला."

हवालदारकीच्या आड इंग्रजीची तोंडी परीक्षा येत होती. गुन्हे, गुन्हेगार आणि शिक्षा यांचे इंग्रजी शब्द तीत विचारत. थोरले तीनदा आपटले होते. चौथी खेप शेवटची. ती हुकली की निवृत्त होईपर्यंत सलाम. परीक्षेची छापील पुस्तिका मिळायची, पण ती अख्खी इंग्रजीत, म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत.

शेवटी लाज गिळून त्यांनी नऊ नंबरच्या कोठडीपुढे स्टूल ठेवलं. तिथे मास्तर होते. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस, पण नापास मुलांना पास झाल्याचे खोटे दाखले करून देताना सापडला आणि चार वर्षांसाठी आत आला. डोळे अधू म्हणून त्यांना विणकामातून सूट होती. दुपारी बाकीचे कैदी मागावर गेले की मास्तर गजांआडून शिकवत आणि थोरले बाहेर बसून शिकत.

"घर फोडतो तो बर्गलर. धाक दाखवून लुटतो तो रॉबर. खिसा मारतो तो पिकपॉकेट. दुकानातून उचलतो तो शॉपलिफ्टर."

"चोरी एक आणि नावं चार? अहो मास्तर, आपल्याकडे चोर तो चोर. त्याचे एवढे लाड कशाला?"

"लाड नाहीत हो. जसा गुन्हा तशी शिक्षा, म्हणून नावं वेगळी. म्हणा परत."

थोरले परत म्हणत, आणि दुपारी घोकलेलं सकाळपर्यंत सांडून जाई. पहिले दोन आठवडे असे पालथ्या घड्यावर पाणी. मास्तरांनी उभ्या जन्मात यापेक्षा मठ्ठ विद्यार्थी पाहिला नव्हता, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलंही. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज सकाळी काय करता?"

"कैद्यांची मोजणी."

"डोळे मिटून सांगा. एक नंबरात कोण?"

"घरफोड्या."

"बर्गलर. दोन नंबरात?"

तेव्हापासून शब्द बसू लागले. पुस्तकात जे सापडत नव्हतं ते थोरल्यांना व्हरांड्यात सापडलं. एक नंबर बर्गलर, दोन नंबर पिकपॉकेट. चार नंबराने सख्ख्या भावाचं गोदाम पेटवलं होतं, तो आर्सनिस्ट. सहा नंबर रिकामी होती, तिथला माणूस निर्दोष ठरून सुटला होता, म्हणून तिथे अक्विटेड. आठ नंबरातला म्हातारा मुंगीलाही वाट करून द्यायचा, तरी तो मर्डरर. फक्त एक झालं. पूर्वी थोरले दोन नंबराला त्याचा खोकला कसा आहे ते विचारत. आता चेहऱ्याआधी शब्द दिसे आणि विचारायचं राहून जाई. त्याचं त्यांना वाईट वाटे, पण गरज होती.

"आणि नऊ?" एका दुपारी त्यांनी सहज विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. "तो शब्द परीक्षेत येत नाही. नऊ सोडा."

थोरल्यांनी सोडला. खोदून विचारणं पोलिसांचं काम, शिपायाने फक्त मोजायचं.

परीक्षेला टेबलामागे तीन साहेब होते. वीस प्रश्न, सोळा बरोबर आले तर पास. थोरले मनातल्या व्हरांड्यातून हिंडून एकेक शब्द आणून टेबलावर ठेवत होते. शिक्षा मात्र कुठल्याच कोठडीला टांगलेल्या नव्हत्या, त्यातल्या चार निसटल्या.

"एकोणीस झाले, पंधरा बरोबर," मधले साहेब म्हणाले. "हा एक आला की तुम्ही हवालदार. खोटे दाखले, खोट्या सह्या करणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

थोरल्यांनी डोळे मिटले. एक, दोन, तीन करत ते नऊपाशी पोचले. गजांआड मास्तर चष्मा पुसत उभे होते. दुसरं काहीच नव्हतं.

"मास्तर," थोरले म्हणाले.

तिन्ही साहेब पोट धरून हसले. "अहो, फोर्जर! पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे."

परतताना थोरल्यांना मास्तरांचा असा राग आला, जसा अठ्ठावीस वर्षांत कुठल्याच कैद्याचा आला नव्हता. पहिलंच पान! स्वतःची अब्रू झाकायला या माणसाने आपली हवालदारकी घालवली. तो शब्द त्याच्या तोंडावर मारायचा, असं ठरवूनच ते व्हरांड्यात शिरले.

मास्तर गजांशी उभे होते. केस नीट विंचरलेले, सदरा धुतलेला, निकालाच्या दिवशी शाळेत घालत असतील तसा.

"काय झालं?"

"गेलो. एका मार्काने."

मास्तरांनी दोन्ही हातांनी गज धरले. "त्यांनी... मी न शिकवलेलं काही विचारलं का?"

शब्द थोरल्यांच्या जिभेवर होता. चौदा दुपारी घसा कोरडा करूनही जो बसला नसता, तो एका फटक्यात कायमचा बसला होता. त्यांनी मास्तरांच्या हातांकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती.

"नाही," ते म्हणाले. "तुमचेच सगळे आले. मीच एक विसरलो."

"कुठला?"

"सहा नंबरचा."

"रिकामी कोठडी विसरलात?" मास्तरांचा आवाज एकदम चढला. "अहो, सगळ्यात सोपी ती! डोकं आहे की खोकं?" मग ते जे सुटले ते संध्याकाळची घंटा होईपर्यंत. थोरले स्टुलावर मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते.

सकाळी फाटकात त्यांनी टाच आपटून सलाम केला. जावईबापूंनी इकडेतिकडे पाहत हळूच विचारलं, "मामा, थोडक्यात गेलं म्हणे?"

"गेलं," थोरले म्हणाले आणि मोजणीला निघाले. जावईबापू वही घेऊन मागे.

"एक हजर. दोन हजर." दोन नंबरापाशी ते थांबले. "खोकला कसा आहे रे?" मग पुढे निघाले. आठ हजर झाला. नवव्या कोठडीचं कुलूप त्यांनी ओढून पाहिलं.

"मास्तर हजर."

"नंबर सांगा, मामा," जावईबापू म्हणाले.

"लिहा तुम्ही," थोरले म्हणाले. "मास्तर हजर."