घाटातली टकटक

इंद्रसिंग तिसऱ्यांदा लॉरीखाली शिरला आणि पुन्हा मोजू लागला. मागच्या उजव्या चाकाचे सहा नट, डाव्याचे सहा. कमानपाट्या आवळणारे चार बोल्ट. एक्सलच्या टोकाचे आठ. एकही ढिला नव्हता. तेल गळत नव्हतं. तरी गाडी हलली की मागून टक्, टक् असा लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखा आवाज येत होता.

"काय शे?" खात्यानं वाकून विचारलं.

"एक्सल बोली ऱ्हायना."

"बोलू दे ना, दादा. तू चाल."

"तुटना ते आठेच घाटमा बससूत. लढाई चालू शे. धुळ्यालेबी एक्सल भेटत नही."

लॉरी लाकूडठेकेदाराची होती आणि खात्या त्याच्याच तोडीवरचा मजूर. त्याची बायको रूपलीबाई काल पहाटेपासून अडली होती. मूल आडवं होतं. तिची आई नानीबाई डोंगरातली नावाजलेली सुईण, पण आज सकाळी तिनंच शहाद्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. लॉरीच्या हौद्यातल्या पत्र्यावर गवत पसरून त्यांनी रूपलीबाईला निजवलं होतं. अडलेल्या बाईजवळ काही आवळलेलं ठेवायचं नाही, म्हणून खात्यानं फेट्याची गाठ सोडली होती. रूपलीबाईचे केस मोकळे होते, गळ्यातल्या माळा उतरवल्या होत्या. पायातली चांदीची जड कडी तेवढी सुजेमुळे निघाली नव्हती.

इंद्रसिंग अकरा वर्षं या घाटात गाडी चालवत होता. त्याच्या हाताखाली एकदाही एक्सल तुटला नव्हता. गाडी कानानं चालवायची असते, असं तो इतर ड्रायव्हरांना सांगे. आजही तो प्रत्येक दगडावर चाक तोलून चढवत होता, क्लच बोटाबोटानं सोडत होता. गाडीबरोबर माणूस चालत गेला असता तर पुढे निघून गेला असता.

"गाडीनी नाडी पाही ऱ्हायना," नानीबाई वरून म्हणाली. तिचा हात लेकीच्या पोटावर होता. "मन्ही पोरनी कोन पाही?"

इंद्रसिंगनं हात पुसले. मग तो पुन्हा स्टिअरिंगमागे बसला.

घाट संपला तिथे नदी होती. पाण्याची एक धार आणि पुढे ऐंशी पावलं वाळू. रेडिएटर उकळत होता म्हणून त्यानं गाडी थांबवली, डबा भरून पाणी ओतलं. नानीबाईही खाली उतरली आणि लोटा भरून वर गेली.

गाडी सुरू झाली. इंद्रसिंगनं कान मागे लावला. पात्रात उतरतानाचे दोन मोठे दगड गेले. आवाज आला नाही. तिसरा गेला. नाही.

त्यानं मागच्या खिडकीतून पाहिलं. नानीबाईच्या मांडीवर दोन्ही कडी होती. एकाची कड पत्र्यावर आपटून-घासून उजळली होती.

"हे कव्हय काढं?"

"आत्तेच. पानी लावं, तव्हय निंघनं."

इंद्रसिंग क्षणभर कड्यांकडे पाहत राहिला. मग त्यानं दुसरा गिअर टाकला आणि पाय पूर्ण दाबला. वाळूत गाडी डावीउजवीकडे फेकली गेली, मागचं चाक फिरत खोल गेलं, खालून लांब कण्हल्यासारखा आवाज आला. त्यानं पाय उचलला नाही. काठ चढल्यावरही तो खाली उतरला नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर तो आणि खात्या बसले होते. डॉक्टर बाहेर आले.

"आई वाचेल," ते म्हणाले. "मूल पोटातच गेलं होतं."

खात्या उठून आत गेला. थोड्या वेळानं नानीबाई बाहेर आली, हात धुतलेले, ओले.

"नदीपावत हालत व्हतं," ती म्हणाली. "मन्हा हात व्हता पोटवर."

इंद्रसिंगनं खिशातलं घड्याळ काढलं. नदीपासून दवाखान्यापर्यंत पस्तीस मिनिटं लागली होती. घाटात गाडी तीनदा उभी राहिली होती. तिन्ही थांबे मिळून एक तास पन्नास मिनिटं.