गुडघ्याच्या फिल्मवरचे तीन थेंब

शाल पांघरली की म्हातारी गप्प बसते, असं आमच्या संचालकांना वाटलं असावं.

कोलकात्याच्या या संस्थेत माझी उभी हयात एकाच कामात गेली: प्रथिनं कापणारे एन्झाइम आणि त्यांना रोखणारी द्रव्यं. बँकेनं दिलीपची, माझ्या नवऱ्याची, नागपूरला बदली केली, तरी मी बालीगंजच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले ती यासाठीच. आणि आज माझ्याच निरोपसमारंभात संचालक जाहीर करणार, की कडव्या वालात अळीची पचनशक्ती बंद पाडणारं नवं द्रव्य सापडलं! शोध माझा आणि माझ्या विद्यार्थ्याचा, सुमितचा म्हणे. मला कळलं आज सकाळी.

"वालाचा अर्क कशात काढलास?" मी सुमितला विचारलं.

"नेहमीच्याच द्रावणात, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. नमुना टिकावा म्हणून त्या द्रावणात आम्ही एन्झाइम रोखणारी विकतची गोळी घालतोच. मग एन्झाइम रोखलं कुणी, वालानं की गोळीनं? नुसतं द्रावण तपासलंस का, म्हटल्यावर त्यानं नकारार्थी मान हलवली. संचालकांना घाई होती, म्हणाला.

दिलीपच्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म माझ्या खणात असते. तिच्यावरचा जिलेटिनचा थर म्हणजेही प्रथिनच. एन्झाइमनं तो खाल्ला की काळ्या फिल्मवर पारदर्शक ठिपका पडतो. मी तीन थेंब टाकले: नुसतं एन्झाइम, वालाचा अर्क मिसळलेलं आणि वाल नसलेलं, नुसतं गोळीचं द्रावण मिसळलेलं. थोड्या वेळानं फिल्म धुतली. पहिला ठिपका लख्ख पडला. दुसरा पडला नाही आणि तिसराही नाही. वालाच्या बाजूनं पुरावा शून्य.

संचालकांनी फिल्मकडे पाहिलंसुद्धा नाही. "शैलादी, पत्रकार आलेत. आजचा दिवस गोड होऊ द्या. दुरुस्ती मागाहून करू."

गोड! उद्या लोक पिकावर काय फवारणार, यांचा गोडवा?

समारंभात शाल मिळाली, संदेश मिठाईचा डबा मिळाला, 'या शोधाची जननी' म्हणून टाळ्या मिळाल्या. माइक हातात येताच मी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "शोध लागलेला नाही. इथे तीन थेंब टाकलेत, त्यातला तिसरा पाहा..."

संचालकांनी हसत माइक काढून घेतला. "मॅडम आज जरा भावुक झाल्यात."

भावुक? संतापले होते मी! आणि सभागृह पुन्हा टाळ्या वाजवत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण पत्रकार बाई उठली. "तिसरा थेंब कसला होता?"

सकाळी संचालकांनी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न. मी शाल खुर्चीवर टाकली आणि फिल्म घेऊन तिच्याकडे निघाले.