चौदा कुसळं

कुसळ नऊ मिलिमीटरचं होतं. टोकाशी काळपट, वर गव्हाळ, आणि जाकिटाच्या मनगटावरच्या वेल्क्रोत असं रुतलेलं की शगुफ्ताबाईंना चिमटा आणावा लागला. अंटार्क्टिकाला बोटीवरून बर्फावर उतरायचं तर कपड्यांत गवताचं एक बीसुद्धा चालत नाही. म्हणून त्या भिंग घेऊन दोन्ही जाकिटं तपासत होत्या. त्यांचं स्वच्छ निघालं. नवऱ्याच्या जाकिटात मात्र चौदा कुसळं, आणि ते तर घडीसुद्धा न मोडता कपाटात ठेवलेलं.

"अहो, हे कोणी घातलं होतं?"

अबूबकर चहाच्या कपात बघत राहिले. चौक गावात त्यांचा बर्फाचा कारखाना होता. "मीच. म्हटलं, लाद्यांच्या खोलीत बसून बघावं, जमतंय का."

"किती वेळ बसलात?"

"अकरा मिनिटं."

"मग?"

"कान गारठून गेले गं! कामावरच्या धोंडीनं धरून बाहेर आणलं, मागच्या गवतात उन्हाला बसवलं. हसत होता मेला."

शगुफ्ताबाईंनाही हसू आवरेना. "चाळीस वर्षं बर्फ विकताय!"

"विकतो. त्यात राहत नाय."

तीन वर्षं अंटार्क्टिकाचंच चाललं होतं. कर्जतच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून शगुफ्ताबाईंना पेंग्विनांची वसाहत एकदा डोळ्यांनी बघायची होती. अबूबकर कधी नाही म्हणाले नव्हते, नुसतं "पुढच्या वर्षी बघू". आणि त्यांच्याशिवाय जाण्याचा विचार बाईंनी मनात आला तसा गिळून टाकला होता.

"आधीच सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"तू एवढ्या हौशीनं दोन जाकिटं आणलीस. कसं सांगणार?" त्यांनी कप खाली ठेवला. "मला फोटो चालतील. भरपूर काढ."

फोन वाजला. प्रवास कंपनीची जागृती होती. राखून ठेवलेली केबिन पक्की करायला आज पाचपर्यंतच मुदत होती.

"मॅडम, दोघांची केबिन पक्की करू, की सोडून देऊ? पुढं वेटिंग आहे."

अबूबकरांनी हातानंच खूण केली, बोल, बोल.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. आवाज वर्गात निघायचा तसा स्वच्छ निघाला.

"ती केबिन सोडा, जागृती. बायकांच्या केबिनमध्ये मला एक जागा द्या. मी एकटी येतेय."