जमीद आमचा, काहील तुमची

“मटण तुमचं, तांदूळ तुमचे, पण रश्श्याचा जमीद माझा,” असा अबू गालिब आचाऱ्याचा निरोप आला आणि आमच्या घरात भांडण पेटलं.

“दुसरा आचारी बघू,” माझा भाऊ मुतइब म्हणाला.

“बघ की! लोक एक दिस जेवतील आन् वरीसभर हसतील,” फव्वाजमामा गरजला.

करक शहराच्या या अंगाला अबू गालिबच्या काहिलीशिवाय लग्न लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरच्या जमीदानं रस्सा नासला, बोल याला लागला. तेव्हापासून परक्याचा जमीद तो काहिलीत पडू देत नसे.

मुतइबचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. त्यासाठी आईनं गेल्या वसंतात मेंढीच्या ताकाचा चक्का मिठात मळून, जमीदाचे मोसंब्याएवढे चाळीस गोळे गच्चीवर वाळवले होते. थंडीत आई गेली. गोळे राहिले. लग्नातलं मटण-भाताचं मन्सफ त्यांच्याच रश्श्यात व्हायला हवं होतं.

मी मामाला घेऊन अबू गालिबकडे निघाले. ऊन मी म्हणत होतं, गाडीत मातीचे लोट येत होते. वाटेत तीनदा बजावलं, “मामा, शब्द मिळेपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही. पेला खाली ठेवायचा.”

“मला शिकवतीस व्हय गं? असल्या पेल्यांवर सात सोयरिकी जुळवल्यात म्या!”

अबू गालिबनं पेले भरले. मी माझा खाली ठेवला. मामानं त्याचा घटकन रिकामा केला. “वेलदोडा झकास हाय!”

मग त्याचं त्यालाच उमगलं. हात तसाच हवेत राहिला.

अबू गालिब मांडी थोपटून हसला. “प्यायलास नव्हं? मंजी मागणं न्हाई. झ्याक! आता मेंढरांचं सांग.”

“आरं, घसा कोरडा पडला हुता माझा!”

“घशावर सोयरिकी मोडत्यात, बाबा.”

तेवढ्यात दारातून त्याची बायको म्हणाली, “हसू नगा. पोरीचा पेला बघा. तसाच हाय.”

त्याचं हसू मावळलं. पाहुण्याचा पेला न पिता राहिला, तर नाचक्की घराची.

“पी, पोरी.”

“मागणं आहे, काका.”

“बायामाणसांनी पेला ठिवायची रीत न्हाई.”

“बायांना पाजायची तरी रीत कुठं आहे? तुम्हीच भरून दिलात.”

त्यानं कपाळ चोळलं. “बोल.”

“काहील तुमची, जमीद आईचा.”

मी पिशवीतून एक गोळा काढून दिला. त्यानं तो दगडानं फोडला, खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

“मीठ लई हाय.”

“बहिणीचा हातच तसा,” मामा पुटपुटला. “जीभ बी तशीच हुती.”

“लोकं मला नावं ठिवतील.”

मी पेल्याला हात लावला नाही.

“भातात मीठच घालत न्हाई मग,” अबू गालिब स्वतःशीच म्हणाला. “पी आता. थंड झाली.”

लग्नाला परातींभोवती माणसं मावेनात. वाफ, तूप, बदाम, कोपरापर्यंत ओघळणारा रस्सा. मामा पाचव्यांदा बसला. पलीकडच्या गावचा एक म्हातारा बोटं चाटत ओरडला, “अबू गालिब, मीठ वाईच चढलंय की रं!”

मी परात हातात घेऊन जागीच थांबले.

चाळीस वर्षांत कुणाचाही बोल अंगाला लावून न घेतलेला तो माणूस डाव काहिलीवर आपटून म्हणाला, “व्हय. हात चुकला माझा. वाढू अजून?”