जजबाईंसमोरचा पिंजरा

मित्रांनो, मी एका तालुक्याच्या कोर्टातला जुना पिंजरा आहे. पिंजरा म्हटलं की तुम्हाला पोपट आठवेल. माझ्यात साक्षीदार उभे राहत, खरं सांगण्याची शपथ घेत आणि पुष्कळदा खोटंच सांगत. निलंग्याकडच्या महादेवप्पा सुतारांनी मला सागवानात घडवलं. साक्षीदाराच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून माझा कठडा त्यांनी दोन दिवस घासला होता.

सतरा वर्षांपूर्वी सरोजिनी मॅडम जज म्हणून आल्या. नांदेडच्या एका शिक्षकाची मुलगी. आमच्या तालुक्याला बाई जज पहिल्यांदाच मिळाली. त्या साडेदहाला आसनावर बसत. वकील मंडळींना साडेअकराची सवय. नाराजी तिथूनच सुरू झाली.

सगळ्यात जुना दावा त्यांनी आधी काढला. तो केवळाबाईंचा होता. वडिलांच्या जमिनीतला त्यांचा वाटा भाऊ शेषेराव यांनी हक्कसोडपत्र करून आपल्या नावे लावून घेतला होता. कागदावर अंगठा होता. तो माझा नव्हेच, असं बाई नऊ वर्षं सांगत होत्या आणि दर वेळी पुढची तारीख घेऊन गावी परतत होत्या.

त्या दिवशी त्या गुडघा धरून माझी पायरी चढल्या. मॅडमनी शिपाई सिद्धरामला माझ्यात खुर्ची ठेवायला लावली. तोवर माझ्यात कधी कुणी बसलं नव्हतं. शेषेरावांचे वकील राघवेंद्र यांनी प्रश्नांची सरबत्ती केली, तशा बाई गोंधळल्या. मॅडमनी वकिलांना हातानं थांबवलं.

"बाई, घाई नाही. तुमच्या बोलीत सांगा."

"मॅडम, मला सही येती," केवळाबाई म्हणाल्या. "त्या कागदाच्या आधीच प्रौढांच्या वर्गात शिकले. मंग अंगठा कशाला लावू मी?"

मॅडमनी कागद दिला. माझ्या कठड्यावर ठेवून बाईंनी एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मग मॅडमनी अंगठ्याचा ठसा तपासायला पाठवला. तो दुसऱ्याच कुणा बाईचा निघाला. निकाल लागला: निम्मी जमीन केवळाबाईंची.

मित्रांनो, इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

मॅडम उद्धट बोलतात, बायकांचीच बाजू घेतात, असे अर्ज वर गेले. राघवेंद्र वकिलांनी पुढाकार घेऊन कोर्टावर बहिष्कार घातला. एकवीस दिवस मॅडम रोज साडेदहाला येऊन बसल्या. समोर फक्त सिद्धराम आणि रिकामा मी. मग विदर्भाच्या पार टोकाला बदली झाली. निरोपाला तिघं होते. त्यांतल्या एक केवळाबाई.

शेषेराव अपिलात गेले. निकालाला स्थगिती मिळाली. केवळाबाई अधूनमधून येऊन विचारत, आणि कारकून मान वर न करता सांगे, "स्टे हाय, मावशी."

यंदा कोर्टाची नवी इमारत झाली. मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. शेजारच्या मांडवात उद्घाटन होतं. पाहुण्या कोण, तर निवृत्त झालेल्या सरोजिनी मॅडम. शाल-श्रीफळ द्यायला राघवेंद्र वकीलच उभे राहिले. अशा निर्भीड न्यायाधीश तालुक्याला लाभल्या हे आपलं भाग्य, असं बरंच बोलले. टाळ्या झाल्या.

मॅडमनी माइक घेतला आणि एवढंच विचारलं, "केवळाबाईंच्या अपिलाचं काय झालं?"

 मागून म्हातारा सिद्धराम म्हणाला, "चालूच हाय मॅडम. बाई मागच्या साली गेल्या. जमीन शेषेरावांचा ल्योकच कसतो."

मॅडमनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि न जेवता त्या निघून गेल्या. मंडळी मात्र जेवली.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नव्या इमारतीत जागाही नको. तुमच्यातलं कुणी उद्या न्यायाच्या खुर्चीवर बसेल. तेव्हा पुढची तारीख देण्याआधी समोरच्या माणसाचं वय तेवढं विचारा.