स्टाफचं जेवण

"बाबा, तुमच्या डाएटचं रहस्य काय?"

प्रश्न विचारला भोंग्याने, पण तो तिच्या डोक्यातला नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर चौकटीत बसलेल्या शिडी आणि गोटी या तिच्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. व्हिडिओ कॉल चालू असताना मागून बाबा कपड्यांची चळत घेऊन गेले, आणि गोटी किंचाळलीच की अगं, तुझे बाबा केवढे बारीक झालेत, आमचे बघ, लॉकडाऊनमध्ये सोफ्याला चिकटलेत. विचार ना त्यांना, आत्ता, आमच्यासमोर. हिंमत असेल तर.

हिंमतीचं म्हणाल तर ती भोंग्याकडे अलीकडे उतू चालली होती. मागच्या वर्षापर्यंत वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता निघायचा. शाळा बंद झाली, तास पडद्यावर सुरू झाले आणि काय झालं कोण जाणे, समोर साठ तोंडं नसून साठ काडेपेटीएवढे चौकोन आहेत म्हटल्यावर तिची जीभ सैल सुटली. ती प्रश्न विचारू लागली, उत्तरं देऊ लागली, बाईंचा माइक बंद पडला तर तासही पुढे चालवू लागली. 'भोंगा' हे नाव शिडीने ठेवलं आणि तिने ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं.

बाबा दारात थबकले. हातातली चळत त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर नीट ठेवली, पडद्याकडे पाहून मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "पाहुण्यांची वर्दळ फार आहे हो, मॅडम. दिवसभर पाय टेकायला मिळत नाहीत."

दोन्ही चौकटी हसून लोळल्या. भोंगा पैज जिंकली.

बाबा एका मोठ्या हॉटेलात कॅप्टन होते. म्हणजे वेटरांचे वरिष्ठ. कुठल्या टेबलाला काय हवं ते पाहुण्याने तोंड उघडण्याआधी ओळखायचं, हे त्यांचं काम. हॉटेलला कुलूप लागलं तेव्हा पहिले काही दिवस ते घरात नुसते फिरत राहिले. खिडकीपाशी जायचे, परत यायचे, जागच्या जागी असलेला पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवायचे. मग एका संध्याकाळी भोंगा जेवायला आली तर टेबलावर स्वच्छ चादर, रुमालांची उभी घडी, आणि बाजूला काळी बंडी घालून, मनगटावर पांढरा नॅपकिन टाकून बाबा उभे. "आज आमच्याकडे बटाट्याचं सूप आहे, मॅडम," ते म्हणाले, "आणि ते नको असेल, तर बटाट्याचं सूप आहे."

त्या दिवसापासून घराचं हॉटेल झालं. आईचं काम औषधांच्या गोदामात, तिथलं सगळं सामान तिच्या ताब्यात. गोदाम बंद ठेवून चालणार नव्हतं म्हणून ती रोज जायची. पगाराला मात्र कात्री लागली होती. तेव्हा तिने स्वयंपाकघराचंही गोदाम करून टाकलं. जुना डबा पुढे, नवा मागे, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. तिघांचा तांदूळ ती कामावर जाण्याआधी वाटीने मोजून काढून ठेवायची आणि त्या वाटीत दाणा इकडचा तिकडे होत नसे. आई मोजणार, बाबा रांधणार आणि वाढणार, आणि भोंगा कौतुक करणार. तक्रारीला जागाच नव्हती. गाजराच्या पानांची कोशिंबीर केली तरी बाबा तिला असं काही भारदस्त नाव देत की तोंडाला पाणी सुटावं. काटकसर आमच्याकडे येऊन शिका, असं भोंगा वर्गात सगळ्यांना सांगत सुटली होती.

बाबा स्वतः त्यांच्याबरोबर बसत नसत. सुरुवातीला आईने दोनदा-तीनदा हटकून पाहिलं. पण पाहुणे टेबलावर असताना कॅप्टनने बूड टेकायचं नसतं. स्टाफचं जेवण सगळं आवरल्यावर, आत, उभ्याउभ्या. इतक्या वर्षांची शिस्त ती, घरातही सुटेना. आईचंही जेवण होतं न होतं तोच फोन वाजायचा, दुसऱ्या दिवशीच्या मालाच्या गाड्या ठरवायला. भोंग्याचा मैत्रिणींचा कॉल असायचा. स्वयंपाकघरातून पातेल्यात डाव फिरल्याचा खरखर आवाज यायचा, म्हणजे बाबांनी भांडी घासायला घेतली, असं समजून ती दार लोटून घ्यायची. तिसऱ्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांनी केव्हाच बस्तान बसवलं होतं.

पैज जिंकल्याच्या तोऱ्यात भोंग्याने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की आज कॅप्टनला सुट्टी, वाढणार ती.

बाबांनी हरतऱ्हेने टाळून पाहिलं. नॅपकिन धुवायला टाकलाय म्हणाले, तुझा कॉल असेल म्हणाले. पण आईलाही मजा वाटत होती. तिने तिसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि नवऱ्याला खांदे धरून बसवलं.

"बसा हो. एक दिवस साहेब व्हा. काही झिजणार नाही."

साहेबांना बसता येत नव्हतं. खुर्चीच्या कडेवर, पाठ ताठ, हात मांडीवर, जणू कुणी हाक मारली तर उठायला बरं. काळी बंडी भोंग्याने घातली होती. ती तिला मोठी होती, पण वाटली होती तेवढी नाही. मागचा पट्टा बाबांनी आधीच शेवटपर्यंत ओढून ठेवला होता.

भात होता, वर अंड्याचा रस्सा. बाबांसारखंच डाव्या बाजूने वाढायचं, डाव पूर्ण भरायचा, ताटाचा तळ दिसू द्यायचा नाही. तिने आईला वाढलं. बाबांना वाढायला लागली तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"थोडंच, मॅडम. दुपारी जड झालंय."

"पाहुण्याचं ताट उणं दिसता कामा नये," तिने त्यांचंच वाक्य त्यांना परत केलं आणि हात बाजूला करून डाव रिता केला. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून जेवायला लागले. हळूहळू, मग तितकं हळू नाही. आईने आग्रहाची वाट न पाहता पुन्हा घेतलं. भोंग्याने बाबांनाही पुन्हा वाढलं. दोघांची ताटं चाटूनपुसून स्वच्छ झाल्यावर तिला धन्य धन्य वाटलं. मग ती स्टाफचं जेवण जेवायला आत गेली.

पातेलं हाताला हलकं लागलं. तिने ते दिव्याखाली कलतं केलं. बुडाशी चिकटलेले चार दाणे होते. तिने डावाने ते खरवडले.

खर्र, खर्र.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

आईने तिघांचं मोजलं होतं, त्यात शंकाच नव्हती. मग तिला ती भरलेली ताटं आठवली, रोजची, आणि रोज संध्याकाळी आपण ताट पुढे करून "कॅप्टन, अजून एक डाव," म्हणतो ते. ओट्याच्या कोपऱ्यात एका बशीवर नॅपकिनची सुरेख त्रिकोणी घडी उभी होती. तिने ती उचलली. खाली पावाच्या दोन वाळक्या कडा होत्या, शेजारी चहाचा उरलेला अर्धा कप. स्टाफचं टेबलही बाबांनी मांडून ठेवलं होतं.

दारात चाहूल लागली. बाबा होते.

"अगं, ते मी..." त्यांनी मागे वळून टेबलाकडे पाहिलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "मोजकं वाढायला हात वळत नाही गं. आईला नको सांगूस. तिला वाटेल, तिचंच माप चुकलं."

भोंग्याने पावाची एक कड चहात बुडवली आणि खाल्ली. दुसरी बाबांना दिली नाही, तीही खाल्ली. तिचे डोळे भरून आले होते, पण तोंडात पाव होता म्हणून बरं झालं, काही बोलावं लागलं नाही. हे हॉटेल आजच्या आज बंद, असं ओरडावंसं वाटत होतं. पण खिडकीपाशी जाऊन परत येणारे, पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवणारे बाबा तिला आठवले. हॉटेल बंद करून चालणार नव्हतं.

तिने बंडीचा पट्टा घट्ट केला, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर नेऊन टेबलाच्या मधोमध ठेवलं. आईचा फोन वाजायला लागला होता. आईने तो उचलला, कानाशी नेता नेता पातेल्यात पाहिलं, आणि पालथा घालून ठेवला. गोदाम सांभाळणारी बाई ती. तिने पातेलं पाहिलं, मग नवरा, मग नवऱ्याच्या सदऱ्याची सैल कॉलर. पलंगावरचे कपडे उचलून तिने कपाटात कोंबले, घडी मोडली तरी पर्वा न करता, आणि दार दाबून लावलं.

"बसा दोघं," भोंगा म्हणाली. आवाज पहिल्याच शब्दाला फाटला, तिने तो पुन्हा लावला. "व्यवस्थापनाने एक निर्णय घेतलाय."

"व्यवस्थापन कोण?" बाबांनी विचारलं.

"बंडी ज्याच्या अंगात तो. उद्यापासून हॉटेल चालूच राहील. चादर, नॅपकिन, सगळं. सूपही तेच, नको असेल तर तेच. पण पातेलं इथे, टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि आधी स्टाफ जेवणार, खुर्चीवर बसून."

आई अजून कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी होती. "आणि स्टाफ म्हणजे कोण कोण?"

"आपण तिघं."

बाबांनी टेबलावरचा पेला उचलला. "मग पाहुणे कोण, मॅडम?"

"पाहुणे तुमचं खरं हॉटेल उघडेल तेव्हा येतील," भोंगा म्हणाली. "तोवर तुमची बंडी पुन्हा तंग व्हायला हवी, कॅप्टन. मी ठरवलंय."