दोन बाइटांची ग्वाही

धाकट्या दिराला मीच कंपनीत चिकटवलं होतं, त्यामुळे त्याच्यावर डाफरायचा हक्क माझा होता आणि मी तो मनसोक्त बजावत होते. महिनाभरात तो कायम होणार होता. त्यावरच त्याचं लग्न अडलं होतं. अवजारं वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम आम्ही लिहायचो. वाफ निवेपर्यंत झाकणाचं कुलूप उघडू नये, हे दिराच्या फाइलचं काम. किती वेळ थांबायचं तो आकडा माझ्या फाइलमध्ये.

दुसऱ्या फाइलमधला आकडा हवा असेल तर आपल्या फाइलच्या डोक्यावर तशी घोषणा करायची: अमुक नावाचा, इतक्या बाइटांचा आकडा बाहेर आहे. प्रत्येक फाइल यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. मग फाइली जोडणारा लिंकर येतो, तो फक्त नाव जुळवतो. आकाराशी त्याला देणंघेणं नाही.

"वहिनी, या घोषणा एकाच फाइलमध्ये ठेवू, दोघंही तीच वापरू," दीर एकदा म्हणाला. "कुणाचं चुकलं तर कंपायलरच बोंब मारेल."

"भाऊजी, आधी चालायला शिका, मग पळा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. सगळे हसले. मला फार बरं वाटलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी साठ सेकंदांचे सत्तर करायला सांगितले. दोन बाइटांत जेमतेम साडेपासष्ट हजारांपर्यंतचा आकडा मावतो, सत्तर सेकंदांचे सत्तर हजार मिलिसेकंद मावत नाहीत, म्हणून मी आकडा चार बाइटांचा केला. दिराला सांगायचं राहून गेलं. त्याची घोषणा दोन बाइटांचीच राहिली, आणि सगळं बिनतक्रार जोडलं गेलं.

सत्तर हजारांतले दोनच बाइट वाचले की जेमतेम साडेचार हजार उरतात. चाचणीत साडेचार सेकंदांतच कुलूप सुटलं. झाकणावर दिराचे दोन्ही हात होते.

"चूक कुणाची?" त्याला दवाखान्यात नेल्यावर साहेबांनी विचारलं. माझी पाचावर धारण बसली. मी त्याची फाइल उघडून ती ओळ दाखवली. माझी उघडली नाही.

आठवड्याने तो आमच्या स्वयंपाकघरात बसला होता, कोपरापर्यंत पट्ट्या. साहेबांनी राजीनामा मागितला होता. तो मला टाइप करायला सांगत होता.

"तुम्ही आकार बदलल्याचं सांगितलं असणार ना, वहिनी? मला काही केल्या आठवत नाही."

सासूबाई त्याला घास भरवता भरवता थांबल्या.

"सांगितलं होतं, भाऊजी," मी म्हटलं. "दोनदा."